पन्नास किलोची कोठी आणि साडेसात रुपयांची बचत

मी कोठी. जस्ती पत्र्याची, पन्नास किलोची, झाकणाला कडी असलेली. माझा आवाज जरा घुमतो, त्याला इलाज नाही. पोट मोठं आहे. पण ऐका. माणसं बचत कशी करतात ते मी आतून पाहिलंय, आणि तेव्हापासून 'बचत' हा शब्द कानावर पडला की माझं झाकण आपोआप वाजायला लागतं.

कुर्ल्याच्या एका गाळ्यात खंडू नावाच्या कारागिरानं मला घडवलं. त्यानं पत्रा कापला, वाकवला, सांधे जोडले, हातोडीनं दोन टोले देऊन आवाज ऐकला आणि बिडी पेटवली. माझ्याबद्दल त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. मी काय आहे ते बघणाऱ्याला दिसत होतं. इतका सरळ माणूस मला पुढे फार दिवस भेटला नाही.

तिथून मी गेले घाटकोपरला, स्टेशनजवळच्या 'समृद्धी सुपर बाजार'मध्ये. हे पंच्याऐंशी साल. असं दुकान त्या भागात नवीन होतं. काउंटर नाही, 'काय देऊ' विचारणारा माणूस नाही. हातात टोपली घ्यायची आणि फळीवरून आपणच उचलायचं. बायका तिथं लग्नाला निघाल्यासारख्या साड्या नेसून यायच्या. दोन वस्तू घ्यायला आलेली बाई नऊ वस्तू घेऊन जायची आणि दारातून बाहेर पडताना तिच्या चेहऱ्यावर आपण काहीतरी कमावल्याचा आनंद असायचा.

दुकानाचे मॅनेजर श्यामकांत. गळ्यात टाय, खिशात दोन पेनं. त्यांनी मला गव्हाच्या गोण्यांना खेटून उभं केलं. आधी माणसाला गरजेपेक्षा जास्त विकायचं, आणि ते ठेवणार कुठं असा प्रश्न त्याला पडला की ताबडतोब मला विकायचं. गोण्यांच्या वर पाटी होती: 'कुटुंब बचत योजना. पाच किलो १८.७५. पंचवीस किलो फक्त ९०. वर साबणाची वडी मोफत.'

जुलैतल्या एका रविवारी विद्याधर आणि नीला आले. विद्याधर विमा कंपनीच्या ऑफिसात हेडक्लार्क, आकडेमोडीत पटाईत अशी बिल्डिंगभर ख्याती. ही ख्याती बहुतेक त्यांनी स्वतःच पसरवली असावी. नीला घर बघायची. मॅट्रिकला तिला गणितात नवऱ्यापेक्षा जास्त मार्क होते, पण तो विषय त्या घरात निघत नसे.

विद्याधरांनी पाटी वाचली, ओठ हलवले आणि जाहीर केलं की दोन गोण्या घेतल्या तर साडेसात रुपये वाचतात. नीला हळू आवाजात म्हणाली की अहो, गहू वैशाखात भरतात, कडक ऊन देऊन, एरंडेल चोळून. या दमट हवेत तो टिकायचा नाही. शिवाय पोर धरून आपण माणसं तीन, दुपारचा भात. महिन्याला सहा किलो पुरतो. त्यावर विद्याधर हसले. बायकांना ठोक व्यवहार कळत नाही, असं ते श्यामकांतांकडे बघत म्हणाले, आणि श्यामकांत अदबीनं हसले. मग विद्याधरांची नजर माझ्यावर पडली.

माझी किंमत पंच्याण्णव रुपये.

साडेसात रुपये वाचवण्यासाठी त्यांनी मला पंच्याण्णव रुपयांना घेतलं. रिक्षाला चार आणि तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्या हमालाला पाच दिले. घरी आल्यावर वहीत लिहिलं: 'बचत ७.५०'. मी समोरच उभी होते. एवढी मोठी, पोट सुटलेली, चकचकीत. तरीही त्या वहीत मी कुठंच नव्हते. आणि कोपऱ्यावरचा कच्छी वाणी तोच गहू तीन रुपये चाळीस पैसे किलोनं घरपोच देत होता, म्हणजे पन्नास किलोला दहा रुपये कमीच. पण कच्छ्याकडे पाटी नव्हती. त्याचा भाव विचारावा लागायचा, आणि हेडक्लार्क विचारत नसतात.

विद्याधरांनी ही अक्कल स्वतःपुरती ठेवली असती तरी चाललं असतं. पण त्यांनी जिन्यात, गच्चीवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती वाटली. शेजारच्या शुभानं त्यांच्या शब्दावर एक गोणी आणली आणि पलंगाखाली ढकलली.

सप्टेंबरात माझ्या पोटात कुणीतरी चालायला लागलं.

पहिल्यांदा एक, मग दहा, मग मोजता येईना. पोरकिडे. गव्हाचा दाणा बाहेरून शाबूत आणि आतून पोकळ. नीलानं झाकण उघडलं तेव्हा वास आला. पुढचे सगळे रविवार तिनं गच्चीवर काढले. बादली बादलीनं गहू वर न्यायचा, पसरायचा, चाळायचा, पाखडायचा, पुन्हा खाली आणायचा. तिची कंबर धरली. शुभाही पलीकडे तेच करत बसलेली असायची. दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि चाळत राहायच्या. त्या वेळी विद्याधर खाली पेपर वाचत असत. नीलाचे रविवार त्यांच्या वहीत कधीच चढले नाहीत.

आता रुक्मिणीबद्दल सांगते. ती या घरी भांडी-धुणं करायची. मूळची कोकणातली, नवरा गुणाजी गिरणीत होता, संपानंतर गिरणी सुटली, आता विक्रोळीच्या एका कंपनीत वॉचमन. राहायला असल्फ्याच्या टेकडीवर. रोज टेकडी उतरून, रेल्वेचा पूल ओलांडून यायची. तिचा पगार साठ रुपये. दिवाळीला एक पगार पोस्त म्हणून जास्त द्यायचा, हे ठरलेलंच. त्या साठ रुपयांत तिला मुलीचा दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. नीलाला तिनं ते दसऱ्यालाच सांगून ठेवलं होतं.

दिवाळीच्या आधी माझ्या पोटात सव्वीस किलो गहू उरला होता, आणि विद्याधरांना कल्पना सुचली. मी आजवर धान्य पोटात घेतलं, पाणी घेतलं, पण इतकी किडकी गोष्ट माझ्यात कधी पडली नाही. ते म्हणाले, रुक्मिणीला रोख देण्यापेक्षा मालच देऊ. साठ भागिले तीन साठ, सोळा किलो सहाशे सहासष्ट ग्रॅम. त्यांनी साडेसोळा मोजले. वरचे काही ग्रॅम हिशेबात बसत नाहीत म्हणून सोडून दिले.

नीलानं विरोध केला. त्या रात्री तिचा आवाज पहिल्यांदा चढला. विद्याधरांनी 'दुकानचा छापील भाव आहे' या एका वाक्यानं तिला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी तिनंच ती पिशवी रुक्मिणीच्या हातात दिली, आणि देताना तिला वर बघता आलं नाही. रुक्मिणीनं पिशवीत हात घातला, नीलाकडे बघितलं, आणि ओझं डोक्यावर घेऊन जिना उतरली.

पुढच्या सकाळी ती कामाच्या वेळेआधीच आली. विद्याधर दाढी करत होते. तिनं दोन पिशव्या माझ्यासमोर ठेवल्या, एक मोठी, एक छोटी. रात्री तिनं आणि मुलीनं बसून सगळा गहू चाळला होता, आणि टेकडीवरच्या वाण्याच्या काट्यावर तोलून आणला होता. खाण्याजोगा भरला साडेदहा किलो. उरलेले सहा किलो म्हणजे किडे, भुसा आणि पीठ.

विद्याधर गालावरचा साबण न पुसता बाहेर आले. त्यांनी तिला समजावलं की दुकानात या गव्हाचा भाव तीन साठ आहे, तेव्हा हिशेबानं तिला पुरेपूर साठ रुपयांचा माल मिळालाय.

रुक्मिणी शांतपणे म्हणाली, "मगे तुम्हीच ह्यो दुकानात नेऊन द्या, साहेब. साठ रुपये मिळाले तर ते माका आणून द्या."

विद्याधर गालावरचा साबण पुसायला लागले. या वाक्याला भागाकार नव्हता.

"पोस्त देवची नसली तर देऊ नका," रुक्मिणी म्हणाली. "पण ह्या किड्यांका पोस्त म्हणू नका."

नीला आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती चपला घालून बाहेर आली, हातात पर्स. तिनं मोठी पिशवी उचलली, छोटी रुक्मिणीला घ्यायला सांगितली. विद्याधर विचारत राहिले की कुठं निघालात, लोक काय म्हणतील. ती दारातून म्हणाली, "दुकानात. तुमचा भाव विचारून येते."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण नीला, रुक्मिणी आणि जिन्यात भेटून त्यांच्याबरोबर गेलेली शुभा, तिघींनी ते माझ्यासमोर इतक्या वेळा सांगितलं की मला पाठ आहे.

दिवाळीची गर्दी होती. नीलानं पिशव्या श्यामकांतांच्या टेबलावर ठेवल्या आणि याचे किती देता, असं विचारलं. श्यामकांत म्हणाले, विकलेला माल परत घेत नाही. नीला म्हणाली, परत नका घेऊ, विकत घ्या. त्यांनी पिशवीत बघितलं आणि मान फिरवली. म्हणजे काहीच नाही ना, तिनं विचारलं. काहीच नाही, ते म्हणाले. रुक्मिणी तिथंच उभी होती, तिनं ते ऐकलं. नीलाला तेवढंच हवं होतं.

ती निघणार होती, पण तिची नजर शेजारच्या फळीवर गेली. चहाचा पाव किलोचा पुडा सव्वादहा रुपये. त्याच्या डोक्यावर अर्ध्या किलोचा, सोनेरी पट्टीचा 'इकॉनॉमी पॅक', सव्वाएकवीस. तिनं पुन्हा वाचलं. दोन छोटे घेतले तर साडेवीसच होतात. मग ती कपड्यांच्या पावडरीकडे वळली. दोनशे ग्रॅमचा पुडा चार साठ, सातशे ग्रॅमचा मोठा खोका सोळा ऐंशी. सातशे आणि दोनशे. असे आकडे मुद्दामच निवडलेले, म्हणजे उभ्या उभ्या कुणाला भाग जाऊ नये. नीलानं पर्समधून पेन्सिल काढली, एका जुन्या बिलाच्या मागे दोन ओळी मांडल्या आणि शुभाला वाचून दाखवलं. लहान पुडा शंभर ग्रॅमला दोन तीस. मोठा खोका दोन चाळीस.

शुभाच्या टोपलीत तो मोठा खोका होता. तिनं तो परत ठेवला. मागे उभ्या असलेल्या एका बाईनंही ठेवला, आणि दुसरी आपला चहा घेऊन नीलाजवळ आली की जरा हे बघा हो.

श्यामकांत धावत आले. योजना आहे मॅडम, सक्ती थोडीच आहे, असं म्हणाले. मग विजयी मुद्रेनं त्यांनी कपड्याच्या साबणाच्या डझनाकडे बोट केलं. ते तरी स्वस्त आहे ना? नीलानं मांडून बघितलं. खरंच होतं, वडीमागे वीस पैसे सुटत होते. तिनं तसं सगळ्यांसमोर सांगितलं आणि स्वतः एक डझन घेतला. साबणाला पोरकिडे लागत नाहीत.

रुक्मिणीला साठ रुपये नीलानं तिथंच दिले, स्वतःच्या दिवाळीच्या साडीच्या पैशांतले. फॉर्म वेळेत भरला गेला. त्या दिवाळीला नीला जुनीच साडी नेसली आणि विद्याधरांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. महिन्याभरानं मात्र घरी आलेल्या पाहुण्यांना ते सांगत होते की या सुपर बाजारवाल्यांची लबाडी आपण कशी पकडली. शंभर ग्रॅमला किती ते बघायचं, बस्स. नीला चहा घेऊन आली, कप ठेवले आणि आत गेली. तिला हसू आवरत नव्हतं हे मी पाहिलं. सामानाची यादी आणि पैसे तेव्हापासून तिच्या हातात आले, तेही विद्याधरांनी आपणच सोपवल्यासारखे सोपवले.

मला त्या घरात काम उरलं नाही. नीलानं मला रुक्मिणीला देऊ केलं. रुक्मिणीनं आधी मला आतून बाहेरून तपासलं, तळाशी वाकून बघितलं, मगच हो म्हणाली. आज अठ्ठ्याऐंशी साल आहे. मी असल्फ्याच्या टेकडीवर, तिच्या दाराशी उभी आहे. पहाटे नळाला तासभर पाणी येतं. पाच हंडे माझ्यात ओततात आणि संध्याकाळपर्यंत मी रिकामी. साठवण इथंही आहे, पण लागतं तेवढ्याची.

काल टेकडीच्या पायथ्याशी नवीन दुकान उघडलं. लाउडस्पीकरवर ओरडत होते की तीन घ्या, एक फुकट. शेजारची कमल धावत निघाली आणि रुक्मिणीला म्हणाली चल गं. रुक्मिणीनं विचारलं, काय घ्यायचंय? कमलला ते ठाऊक नव्हतं, तरी ती गेली. तुम्हीही जाल, मला माहीत आहे. जा. पण टोपलीत टाकण्याआधी एकदा वजन वाचा, एकदा भाव वाचा आणि एक भागाकार करा. तुम्हाला शाळेत तो शिकवला होता. आणि घरी नेलेलं कोण निवडणार, कोण चाळणार, तेही त्याच कागदावर लिहा.

माझा तळ आता झिजलाय. एका सांध्यातून पाणी पाझरतं. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी रुक्मिणी मला भंगारवाल्याला देईल. मला त्याचं वाईट वाटत नाही. भंगारवाल्याकडे योजना नसते, सोनेरी पट्टी नसते, वर साबणाची वडी नसते. तो मला काट्याला अडकवेल आणि किलोचा भाव सांगेल. एका किलोला जो, तोच दहा किलोला. आयुष्यात पहिल्यांदाच माझी खरी किंमत होईल.

फक्त त्याच्या काट्यावर नजर ठेव गं, रुक्मिणी.