तोमासाची शिकवणी

गास्पारने नाळेची गाठ मुद्दाम उलटी बांधली. तोमासाने ती सोडवली, दोरा परत त्याच्या हातात दिला आणि मनगट धरून बोट कुठे दाबायचं ते दाखवलं.

"तिकडे थंडी आहे का गं?" त्याने विचारलं.

"हाताकडे बघ," ती म्हणाली.

त्याने पुन्हा चूक केली, आणि जाग आली. दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत ठणकत होते.

तोमासा जाऊन अकरा महिने झाले होते. तळ्याकाठच्या या गावाची बाळंतपणं चाळीस वर्षं तिनेच केली. तिच्यामागे गावात सुईण उरली नाही. चार महिन्यांनी ती स्वप्नात येऊ लागली तेव्हा गास्पारला वाटलं, तिला आपली, नवऱ्याची आठवण आली असेल. पण घरचं ती काही बोलत नसे. चिंध्यांचं एक बाळ घेऊन यायची आणि शिकवायला बसायची.

हे काय चाललंय ते त्याला कळत होतं. ज्याच्या वाट्याला हे काम येतं त्याच्या स्वप्नात मेलेल्या सुइणी येतात. तो नाही म्हणत राहिला तर दुखणं लागतं. तोमासालाही तरुणपणी दोन म्हाताऱ्यांनी असंच शिकवलं होतं. तिने पहिल्यांदा खऱ्या पोटावर हात ठेवला आणि त्या दोघी पुन्हा कधी आल्या नाहीत. 'निरोप तरी घ्यायचा होता त्यांनी,' असं ती म्हातारपणीही म्हणायची.

म्हणून, शिकवणी संपू नये यासाठी, गास्पार चुकत राहायचा. दिवस मावळला की चटईवर पडायचा. हातांबद्दल कुणाकडे तक्रार करायचा नाही.

त्या दिवशी तो अंगणात कॉफीचे दाणे वाळत घालत होता. शेजारची मागदालेना सुनेला घेऊन आली. सून चोना, आठवा महिना सरत आलेली.

"भाऊ, बाळ आडवं आहे. डॉक्टर म्हणतात, असंच राहिलं तर पोट कापावं लागेल."

"मग जा त्यांच्याकडे. चांगले आहेत ते."

"वेळ आली तर जाऊच. आधी तू हात लाव."

"मी? मी शेतावरचा माणूस."

"फावडं उचलताना तुझं तोंड कसं होतं ते भिंतीवरून दिसतं मला. तोमासाचेही हात दुखायचे. हो म्हणेपर्यंत."

"पुरुषाने हे करायचं? लोक हसतील."

"हसू देत. माझ्या सासऱ्याची नाळ पुरुषानेच कापली होती. म्हातारा नव्वद वर्षं जगला आणि शेवटच्या दिवसापर्यंत मला पिडलं त्याने."

चोना हसली नाही. तिने उजव्या कुशीवर हात ठेवला.

"काका, डोकं इथे टोचतं. मला भीती वाटते."

गास्पारने हात धुतले, तेल कोमट केलं. चोना चटईवर उताणी झाली. तळव्याखाली एका बाजूला टणक, गोल डोकं लागलं; दुसऱ्या बाजूला मऊ कुल्ला. चिंध्यांच्या बाळासारखंच. याच धड्यात तो सगळ्यात जास्त चुकला होता. सात महिने स्वप्नात मुद्दाम डोकं वरच्या बाजूला ढकलत आला होता. सवयीने तळवा वर सरकला.

चोनाने श्वास रोखला. तो थांबला.

"दुखतं का?"

"नाही. करा तुम्ही."

तो थोडा वेळ तसाच राहिला. मनगटावर पकड येते का, याची वाट पाहिली. कुणी धरलं नाही.

मग त्याने एक हात डोक्यामागे नेला, दुसरा कुल्ल्याखाली घातला, आणि इतके दिवस येत असूनही करत नव्हता तसं बरोबर दाबलं. पोट आवळलं की थांबायचं, सैल झालं की सरकवायचं. बाळाने एक लाथ मारली. मग झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसं हाताखाली सगळं एकदम फिरलं. डोकं खाली गेलं. तो पोटावर तळवा ठेवून थांबला.

मागदालेनाने चाचपून पाहिलं.

"तोमासा शेवटी तळवा ठेवून थांबायची," ती म्हणाली. "तसाच थांबलास तू."

चोना उठून बसली. "काका, बाळंतपणाला याल ना?"

"येईन."

"हात कसे आहेत आता?" मागदालेनाने विचारलं.

गास्पारने मुठी उघडझाप करून पाहिल्या. ठणका गेला होता.

"दुखतायत अजून," तो म्हणाला.

"दमलास. जा, जरा पड."

"तुम्हाला पोचवतो."

त्यांचं घर भिंतीपलीकडेच होतं. तरी तो गेला आणि त्यांच्या पायरीवर बसला. चोनाने कॉफी दिली. ती संपली, मग मक्याची भाकरी आणि घेवडा झाला, तरी तो बसून होता. तळ्यावरचं ऊन गेलं. कोंबड्या झाडावर चढल्या.

"भाऊ, तुझी झोपायची वेळ झाली ना?" मागदालेना म्हणाली.

गास्पारने रिकामा पेला पुढे केला.

"आणखी थोडी दे," तो म्हणाला. "कडक कर."