भिंतीवरचं गहाण

देवपुराच्या टोकाला कमलबाईचं दोन खोल्यांचं घर. नवरा भटू अवधानच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला, हप्ते थकले, आणि कर्ज देणाऱ्या कंपनीनं भिंतीवर तांबड्या अक्षरांत लिहून टाकलं: 'हे घर गहाण आहे.' चोराचं नावसुद्धा कोणी त्याच्या दारावर असं रंगवत नाही.

मग सरकारची दिलासा योजना आली. जप्तीच्या तोंडावर असलेल्या घरांचं थकलेलं व्याज सरकार भरणार. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तलाठी फोटो काढायला आला आणि भिंतीकडे बघतच राहिला. पांढऱ्या चुन्यावर निळा गणपती, खाली 'ललित व ज्योती, शुभविवाह'.

"अक्का, कंपनीचं लिखाण कुठंय?"

"तेन्हावर चुना मारेल शे, भाऊसाहेब. पोरनं लगीन व्हतं. पाव्हणास्ना म्होरे गहाण कशाले मिरवू?"

"लिखाणासकट फोटो लागतो. नाहीतर घर जप्तीत आहे हे कशावरून?"

"नोटीस शे ना!"

"नोटीस कंपनीची. सरकारला फोटो पाहिजे."

कमलबाई आतून उलथनं घेऊन आली. भटू ओरडला, "अवं, लगीनले पंधरा दिन बी नई झायात! गणपती खरडशी?"

"गणपती राहू दे. नावं खरडस."

नवी सून ज्योती दारात येऊन उभी राहिली. घर बिनकर्जाचं आहे असं तिच्या बापाला सांगून हे लग्न जुळवलेलं. चुना पडत गेला, खालचं तांबडं वर आलं, आणि ती एकेक अक्षर वाचत गेली.

"मन्हा बापले काय सांगं व्हतं तुम्ही?"

कमलबाईचा हात थांबला नाही. "शिव्या मंग दे. आते फोटो."

तलाठ्यानं फोटो काढला, मोबाईलवरून अर्ज पाठवला. "झालं. मंजुरीला तीन-चार महिने."

"आनि जप्ती?"

"ती सोमवारी. अर्ज केला म्हणून ताबा थांबत नाही, अक्का. योजनेत तसं कलमच नाही."

"मंग मी हाई कशाले खरडं?"

तलाठी खिशात गाडीची किल्ली चाचपू लागला.

"सोमवारले ताबा लेवाले कोन येस?"

"कंपनीची माणसं. पोलीस." त्यानं किल्ली बाहेर काढली. "पंचनाम्याला मी."

"मंग सोमवारनी चक्कर कशाले? बसा. आतेच भांडाकुंडा मोजी ल्या, भाऊसाहेब."

कोणी न सांगता ज्योतीनं आतून खुर्ची आणली आणि त्याच्या पुढ्यात आदळली.