दोन बोटं पाणी

शुक्रवारी सकाळी सातला बुधाजीने प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, काचपेटीवरचे दिवे लावले आणि वाकून पाण्याची पातळी बघितली. काचेला बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावलेला होता, पाणी तिथवर असायला हवं. ते दोन बोटं खाली गेलं होतं. दर आठवड्याला ते नेमाने दोन बोटं खाली जायचं आणि दर रविवारी बुधाजी ती दोन बोटं भरून काढायला उरणला जायचा. तो स्टुलावर टेकला. सकाळी सातला माणसाने दमलेलं असू नये, पण तो दमला होता. सत्तावन्न वर्षांचे गुडघे, एकोणीस वर्षांची शिपाईगिरी आणि सात रविवारांचा समुद्र, एवढं सगळं त्या एका स्टुलावर बसलं होतं.

कर्जतच्या शाळेत समुद्र आणायची हौस देवस्थळी सरांची. सर विज्ञान शिकवायचे. वय बत्तीस, माणूस देवमाणूस, पण डोक्यात एकदा काही शिरलं की जेवणाचीही शुद्ध नसायची. आमच्या पोरांनी उल्हास नदी बघितली, समुद्र बघितला नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी दोन फुटांची काचपेटी करून घेतली. टेंपोतून वाळू आली, पिंपभर खारं पाणी आलं, खडकाचे चार तुकडे आले. तुकड्यांना बटणाएवढे मऊ हिरवट गोळे चिकटलेले. सर म्हणाले, ही समुद्रफुलं, जिवंत आहेत. बुधाजीने मान हलवली आणि मनात म्हटलं, असतील बाबा. शिवाय बोटभर लांबीचे तीन मासे आणि शंखात बिऱ्हाड केलेला एक खेकडा, एवढी त्या समुद्राची प्रजा.

पेटीवर दोन ट्यूबलाइट टांगल्या, त्यांतल्या एकीला निळा जिलेटिनचा कागद गुंडाळला. समुद्रात खाली उजेड निळा असतो, असं सरांच्या पुस्तकात होतं. पण फुलं काही उघडेनात. मग डिसेंबरात सरांनी मधोमध दोनशेचा बल्ब लावला. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बुधाजी झाडू मारत होता, सहज वर बघितलं, तर खडकभर फुलं उमललेली. प्रत्येक फुलाला केसासारख्या बारीक पाकळ्यांची झालर, आणि वारा नसताना त्या सगळ्या डोलत होत्या. बुधाजी झाडू हातात घेऊन अर्धा तास उभा राहिला. आनंदीला हे दाखवायला पाहिजे, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

आनंदीबाई त्याची बायको. ती कशेळ्याला घरी असायची आणि हा कर्जतला शाळेमागच्या खोलीत, कारण सकाळची घंटा त्याच्याच हातात. शनिवारी संध्याकाळी एसटीने घरी जायचं, सोमवारी पहाटे परत यायचं, असा एकोणीस वर्षांचा संसार. समुद्र आला आणि तो बिचारा शनिवार-रविवार वाहून गेला.

कारण बल्ब लागला तसं पाणी आटायला लागलं. सर म्हणाले, "बुधाजी, समुद्राचं पाणी कमी झालं, तर समुद्राचंच पाणी घालायला हवं. हे काम मी दुसऱ्या कुणावर सोपवणार नाही."

आता कुणीही म्हणेल, म्हातारबा, नाही म्हणायचंस. पण बुधाजीच्या बापाला गावच्या विहिरीवर दोरीला हात लावायची चोरी होती, वरून कुणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. त्या बापाच्या मुलाला शाळेने अख्खा समुद्र सांभाळायला दिला होता. नाही कसं म्हणणार? त्याला ते आवडलं होतं, हे खरं सांगायला हवं. पहिल्या दोन रविवारी तर तो इस्त्रीचे कपडे घालून गेला.

दहा लिटरचा कॅन घेऊन कर्जत ते पनवेल, पनवेल ते उरण, पीरवाडीच्या खडकांपाशी गुडघाभर पाण्यात उतरून कॅन भरायचा आणि उलटं परत. एकदा कंडक्टरने कॅनवर हात ठेवला.

"म्हातारबा, माल कुटं चाललाय? दारू हाय ना?"

"पानी हाय सायेब. समुद्राचं."

"माजी टिंगल करतो का रं?"

बुधाजीने झाकण उघडून त्याच्या तळहातावर थोडं ओतलं. कंडक्टरने चाखलं आणि खिडकीतून थुंकला. सगळी गाडी हसली. त्या दिवशी बुधाजीही हसला होता. पुढे पुढे हसण्याचं त्राण उरलं नाही. शिवाय इतकं करूनही समुद्राची तब्येत बिघडतच गेली. एक मासा गेला, मग दुसरा, मग तिसरा. खेकडा शंखातून अर्धा बाहेर येऊन तसाच राहिला. काचेच्या कडेवर रोज पांढरी पूड धरायची, ती बुधाजी रोज फडक्याने पुसायचा. आता तीन दिवस झाले, फुलंही उघडली नव्हती.

आणि ह्या रविवारी त्याला उरणला जायचं नव्हतं. ह्या रविवारी कशेळ्याला डोळ्यांचं शिबिर होतं.

आनंदीबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चुलीतला जाळ दिसायचा, पण भाकरी करपली ते वासावरून कळायचं. शिबिर वर्षातून एकदाच, माघातल्या थंडीत. रविवारी सकाळी तपासणी, आणि निवडलेल्यांना दुपारी एक वाजता ट्रकने पनवेलला ऑपरेशनला न्यायचं. पुढे आठ दिवस डोळ्यांवर पट्टी, हलायचं नाही. म्हणून घरचं माणूस बरोबर असेल तरच नाव घेणार, हा नियम. बुधाजीने महिनाभर आधी रजेचा अर्ज दिला होता आणि आनंदीबाईला शब्द दिला होता.

देवस्थळी सर आठ वाजता आले. मिटलेली फुलं बघून त्यांचा चेहरा उतरला. सोमवारी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक पेटी बघायला येणार होते.

"बुधाजी, तुमची रजा मंजूर आहे, शिबिराला जाच तुम्ही. फक्त त्याआधी एक कॅन ताजं पाणी आणून ठेवाल का? ताज्या पाण्याने उघडतील, मला खात्री आहे."

बुधाजीने हिशेब मांडला. शनिवारी शाळा साडेअकराला सुटते. संध्याकाळी उरण, रात्री परत कर्जत, रविवारी सकाळी कशेळे. जमतंय की! दमलेल्या माणसाला कागदावर सगळंच जमतं.

शनिवारी तो पीरवाडीला पोचला तेव्हा ओहोटी लागलेली. पाणी पार लांब गेलेलं, मधे चिखल आणि निसरडे दगड. कॅन भरून वर यायलाच तासभर गेला. परतीची गाडी जासईजवळ बंद पडली. पनवेलला पोचला तर कर्जतची शेवटची गाडी गेलेली, तेव्हा कॅन उशाला घेऊन तो स्टँडवरच्या बाकावर पडून राहिला. सकाळची पहिली गाडी भरून आली, थांबलीच नाही. दुसरीने तो पावणेअकराला कर्जत स्टँडवर उतरला.

आणि समोर कशेळ्याची गाडी उभी होती.

हा क्षण बुधाजीला पुढे जन्मभर पुरला. गाडी उभी होती, ड्रायव्हर चहा पीत होता. कॅन घेऊन चढला असता तरी कुणी अडवलं नसतं. पण शाळा दहा मिनिटांवर, पाणी ओतायला पाच मिनिटं, आणि सरांना शब्द दिलेला. मागून लगेच दुसरी गाडी असेल, असं त्याने स्वतःलाच सांगितलं. शाळेत जाऊन त्याने कॅन हळूहळू पेटीत रिकामा केला, पाणी चिकटपट्टीपर्यंत आणलं, वाकून बघितलं. फुलं उघडली नाहीत, उलट अजूनच आक्रसली. तो धावत स्टँडवर आला. पुढची गाडी दीड वाजता होती.

कशेळ्याच्या शाळेच्या ओट्यावर आनंदीबाई एकटीच बसली होती. मांडीवर गाठोडं, त्यात दोन लुगडी, एक ताटली, एक पेला. अंगावर ठेवणीतलं निळ्या काठाचं लुगडं. मैदानात ट्रकच्या चाकांच्या खुणा होत्या आणि मंडप सोडणारी दोन माणसं बांबू उपटत होती.

"आलात?" त्याच्या पावलांवरून तिने ओळखलं.

"गाडी बंद पडली," बुधाजी म्हणाला. खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

"डाक्टर बोलला, दोनी डोळं पिकल्यात, आजच करू. मंग बोलला, मानूस कुटं हाय? शेजारची गोदा थांबली व्हती येक वाजंपातुर. तिचं पोर अंगावरचं, ती तरी कशी येनार?" तिने मांडीवरच्या गाठोड्याची गाठ चाचपली. "फुडल्या माघात या, बोलले."

बुधाजी तिच्याशेजारी बसला. मग त्याने सगळं सांगून टाकलं. पेटी, बल्ब, सात रविवार, आणि पावणेअकराची उभी गाडी. ते शेवटचं सांगताना त्याचा आवाज फाटला. आनंदीबाईने ओरडावं असं त्याला वाटत होतं. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

ती गाठोडं उचलून उभी राहिली. "गाठोडं बांदलंयच, तर चला कर्जतला. मला बगू तर द्या, माज्या सवतीचं तोंड कसं हाय त्ये."

संध्याकाळी साडेपाचला दोघं प्रयोगशाळेत शिरली. बुधाजीने दिवे लावले आणि तिला हाताला धरून पेटीपाशी नेलं.

"निळा उजेड दिसतोय," ती म्हणाली. "चांगला वाटतोय. फुलं कुटं हायत?"

"मदल्या दगडावर. मिटल्यात आता."

तिने हाताने चाचपून काचेची कड शोधली. बोटांना खरखर लागली. "ह्ये काय हाय?"

"मीठ. रोज पुसतो, रोज येतं."

तिने बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. लगेच तोंड वाकडं झालं, डोळे मिटले गेले. लग्नाआधी दोन वर्षं तिने उरणच्या मिठागरांत टोपल्या वाहिल्या होत्या. समुद्राच्या पाण्याची चव तिला कुणी शिकवायला नको होती.

"अवो, ह्ये समुद्राचं पानी नाय. ह्ये मिठागराचं पानी हाय!"

"उरणचंच हाय गं. काल मीच आनलं."

"आनलं असंल. पन आटलं की काय घालता?"

"उरणचंच."

"आनि परत आटलं की?"

बुधाजीने काचेच्या कडेवरची पांढरी पूड नखाने खरवडली.

"पानी आटतं, मीठ आटतं का कुटं? मिठागरात आमी तेच करायचो. आटलं की खारं पानी सोडायचं, परत आटलं की परत सोडायचं, मंजे मीठ दाट व्हतं. आमटी आटली तर तुमी वरनं मीठ घालता का? साधं पानीच घालता ना? हिरीचं घातलं असतं तरी चाललं असतं की!"

बुधाजीची नजर भिंतीवर गेली. पेटीच्या बरोबर वर जलचक्राचा तक्ता होता. सूर्य, ढग, डोंगर, समुद्र, आणि समुद्रातून वर जाणारे बाण. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. एकोणीस वर्षं तो तक्ता त्यानेच टांगला होता, त्यानेच झटकला होता. सर दर जूनमध्ये छडी लावून तो शिकवायचे. शाळेची घंटा अंगणात आणि विहीर तिच्यापासून वीस पावलांवर होती.

त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. मासे त्यानेच मारले होते, एकेक कॅन वाहून, गुडघे झिजवून, इमानेइतबारे. आणि काल जो कॅन त्याने उशाला घेतला, ज्याच्यासाठी उभी गाडी सोडली, तो तर विषाचाच कॅन होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही, कारण तिला ते दिसणार नव्हतं.

"तुला आदी इचारलं असतं तर..." तो कसाबसा म्हणाला.

"कवा इचारनार? रविवारी तर तुमी नसायचा."

ती हे रागाने म्हणाली नाही. म्हणूनच ते त्याला जास्त लागलं.

"माट कुटं हाय?" तिने विचारलं. "आना, लोटीनं आना. येकदम वतू नका. येक लोटी खारं काडा, येक लोटी गोडं घाला. आमटीला बी येकदम पानी घातलं की बिगडती."

त्याने दोनशेचा बल्ब आधी बंद केला. मग माठातलं पाणी आणलं. तो लोटीने खारं काढून बादलीत ओतायचा आणि ती काचेची कड धरून, बोटाने अंदाज घेत, गोडं पाणी बारीक धारेने सोडायची. सहा लोट्या झाल्यावर ती थांबली. बाकीचं उद्या, म्हणाली. उद्या परीक्षक येणार, सर येणार, त्यांना काय सांगायचं ह्याचा विचार करायचं बळ बुधाजीत उरलं नव्हतं. त्याने दुसरं स्टूल ओढून तिला बसवलं.

बराच वेळ दोघं निळ्या उजेडासमोर बसून राहिली. हवेच्या पंपाची तेवढी घरघर चालली होती.

"उगडली का हो फुलं?" तिने विचारलं.

बुधाजीने वाकून बघितलं. हो म्हणावं असं त्याला फार वाटलं. पण आज दुपारी एकदा अर्धवट बोलून झालं होतं.

"नाय," तो म्हणाला.

"असू द्या, बसा." तिने पदराने हात पुसले. "उगडतील सावकाश. मला तरी कुटं घाई हाय? माजं बी आता फुडल्या माघातच."