शुक्रवारचं टपाल

एक सही केली की व्हर्लिन स्टकीच्या पदरात काय काय पडणार होतं, ते त्याने मनातल्या मनात दोनदा मोजून घेतलं होतं. पेन्शनीला उरलेले सात महिने बिनघोर जाणार होते. ब्लफ लँडिंग तुरुंगाच्या टपालखोलीतली खुर्ची, जिच्या मागे हीटर होता आणि समोर फक्त एक खिडकी, ती शेवटपर्यंत राहणार होती. कॅप्टन डिलर्डवर उपकार होणार होते, आणि डिलर्डवरचे उपकार या तुरुंगात रोख पैशासारखे चालत. शिवाय थॅडियस गेन्सचं तोंड बंद होणार होतं. ही शेवटची बाब वरकड म्हणून मिळत होती, पण व्हर्लिनला सगळ्यात गोड तीच लागत होती.

समोर राज्याची वकील मिस रेनकर बसली होती. वय तिशीच्या आत, राजधानीतून अडीच तास गाडी हाकत आलेली आणि तितकाच वेळ परत जायचंय हे चेहऱ्यावर घेऊन बसलेली. तिने कागद पुढे सरकवला. शपथेवरचं निवेदन, पाच ओळींचं. तिसरी ओळ अशी होती की कैद्यांचं कोर्टाचं टपाल ज्या दिवशी खिडकीत येतं त्याच दिवशी त्यावर शिक्का मारला जातो, नेहमीच.

“हे एवढंच ना?” व्हर्लिनने विचारलं.

“एवढंच. नोंदवहीतली दोन पानं झेरॉक्स करून जोडा. शुक्रवारचं आणि सोमवारचं.”

भानगड अशी होती. दोन वर्षांपूर्वी डिलर्डने गेन्सच्या कोठडीच्या दारातली जेवणाची झडप आपटून बंद केली, तेव्हा गेन्सचा हात झडपेत होता. दोन बोटं गेली. डिलर्डचं म्हणणं, गेन्सने हात बाहेर काढून ठेवला होता आणि आत घेत नव्हता. गेन्सचं म्हणणं, कॅप्टनने माझ्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं आणि मग आपटली. त्याने स्वतःच्या हाताने, म्हणजे उरलेल्या बोटांनी, संघीय कोर्टात दावा लिहिला: कैदी असलो तरी नागरिक आहे, मला हक्क आहेत. खालच्या न्यायाधीशाने ज्यूरीपुढे न नेताच तो निकाली काढला. वरच्या कोर्टात जायला तीस दिवस असतात. एकतिसाव्या दिवशी वरच्या न्यायाधीशांना कितीही कळवळा आला तरी फाइल उघडता येत नाही. आता कैदी काही उठून कोर्टात जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी नियम असा की त्याने पाकीट तुरुंगाच्या हातात दिलं तोच दिवस धरायचा. तिसावा दिवस शुक्रवार होता. पाकिटावर व्हर्लिनचा शिक्का सोमवारचा होता.

गेन्सने कोर्टाला शपथेवर कळवलं होतं की पाकीट आपण शुक्रवारी दुपारी सव्वा वाजता दिलं, आणि त्या वेळी टपालवाला पीच पाई, म्हणजे पीचच्या सारणाचा गोड पदार्थ, खात होता.

हे शब्दाशब्दाने खरं होतं. अगदी पीचसुद्धा.

कारण व्हर्लिनचा शुक्रवार दोनला संपत असे. तालुक्याच्या बोलिंग लीगमध्ये, म्हणजे चेंडू घरंगळत सोडून पिना पाडायच्या खेळात, तो अकरा वर्षं होता, चार वाजता पहिला चेंडू पडे आणि लेन गाठायला दीड तास लागे. कोर्टाच्या टपालाची कटकट म्हणजे प्रत्येक पाकिटाचं वजन करा, नाव लिहा, नंबर लिहा, शिक्का मारा, कैद्याची सही घ्या. म्हणून शुक्रवारी आलेलं पाकीट तो तसंच एका ट्रेमध्ये टाकी आणि सोमवारी सकाळी कॉफीबरोबर सगळ्यांचा एकदम समाचार घेई. शुक्रवारी गेलं काय नि सोमवारी गेलं काय, या लोकांना कुठे जायचंय, असं तो म्हणे. लोक हसत. तोही हसे.

मिस रेनकर गाडीत कोट घ्यायला गेली तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. गेन्सच होता. उंच, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, सेंट लुईसचा. दरोड्याची तीस वर्षं भोगत होता आणि त्यातली वीस त्याने कायद्याची पुस्तकं वाचण्यात घालवली होती. चार वर्षांपूर्वी त्याने व्हर्लिनवरही दावा लावला होता, कोर्टाचं पत्र फोडलं म्हणून. तो दावा गेन्स हरला, पण व्हर्लिनला एक अख्खा दिवस टाय लावून बाकावर बसावं लागलं होतं. व्हर्लिनच्या मते ती बरोबरी नव्हती.

“पोस्टमास्तर जनरलसाहेब,” गेन्स म्हणाला, “सही झाली का?”

“तुला काय करायचंय?”

“नाही, म्हटलं पेन चालत नसेल तर माझं देतो.”

“गेन्स, तुझी तारीख चुकली. एवढी पुस्तकं वाचलीस, कॅलेंडर वाचायला नाही शिकलास.”

“पाई कशी होती त्या दिवशी?” गेन्सने शांतपणे विचारलं. “घरची वाटली. विकतच्या पाईवर एवढी साय नसते.”

व्हर्लिनने खिडकी लावून घेतली. त्याच्या मनात ठरलेलंच होतं, आता ते पक्कं झालं. तो नोंदवही घेऊन झेरॉक्सच्या यंत्रापाशी गेला.

आता, माणूस पान शोधायला वही उघडतो आणि पानं उलटता उलटता भलतंच वाचून बसतो. शुक्रवारचं पान कोरं होतं, म्हणजे कोर्टाच्या टपालाचा रकाना. त्याला ते हवंच होतं. मग त्याने सहज आधीचा शुक्रवार बघितला. कोरा. त्याच्या आधीचा कोरा. दुसरी वही काढली, तिसरी काढली. अकरा वर्षांत, बाराशे माणसांच्या तुरुंगात, एकाही कैद्याने एकाही शुक्रवारी कोर्टाला एकही पत्र लिहिलेलं नव्हतं. सोमवारी मात्र सगळ्यांना एकदम कंठ फुटत होता.

त्याच्या पाठीला घाम आला, आणि तो हीटरचा नव्हता.

मिस रेनकर परतल्यावर त्याने आडून विचारलं की कोर्ट दोनच पानं बघेल ना. ती म्हणाली, समोरच्याने आणखी मागितली नाहीत तर दोनच. समोरचा म्हणजे गेन्स. आणि गेन्स म्हणजे असा माणूस, की तुरुंगाच्या पुडिंगमध्ये साखर कमी पडली तर दहा वर्षांच्या साखरेच्या पावत्या मागेल.

व्हर्लिनने पुन्हा बेरीज मांडली. खोटी शपथ घेतली आणि पकडली गेली, तर गुन्हा. गुन्हा म्हणजे पेन्शन गेली. खरं सांगितलं तर निष्काळजीपणा, लेखी ताकीद, फार तर बदली, पण पेन्शनीला हात लागत नाही. दोन्ही बाजू तोलून बघितल्या, तर खरं बोलणं स्वस्त पडत होतं.

“तिसरी ओळ चुकली आहे,” तो म्हणाला.

मिस रेनकरने मान वर केली. “म्हणजे?”

त्याने सांगितलं. बोलिंगसकट. मग तिने कागद घेतला, तिसरी ओळ खोडली, त्याने सांगितलं ते लिहिलं आणि तिथल्या तिथे नवा मसुदा छापून सही घेतली. जाताना तिने हात पुढे केला नाही.

तिसऱ्या दिवशी सगळ्या तुरुंगाला कळलं. डिलर्ड कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “काय व्हर्लिन, गेन्सबरोबर एकाच कोठडीत राहायचा विचार आहे का? वरचा बंक रिकामा आहे.” तेव्हापासून त्याच्या टेबलावर कोणी बसेना. गाडीच्या काचेवर कोणीतरी ‘चहाडखोर’ असं लिहिलेला कागद चिकटवून गेलं. पाद्री मात्र वाटेत थांबवून म्हणाला की सदसद्विवेक जिवंत असलेला माणूस अशा जागी सापडला याचा आनंद झाला. व्हर्लिनने ते ठेवून घेतलं. फुकट मिळालेला माल कोण परत करतो? वरच्या कोर्टानेही आपल्या आदेशात लिहिलं की टपाल कर्मचाऱ्याच्या स्पष्ट निवेदनामुळे अपील मुदतीत धरण्यात येत आहे. ‘स्पष्ट’ हा शब्द त्याने बायकोला दोनदा वाचून दाखवला.

टपालखोली गेली. त्याला कुंपणाच्या बाहेरच्या मनोऱ्यावर टाकलं, जिथे हिवाळ्यात कापसाच्या रानांवरून वारा येतो आणि शिडी एकसष्ट पायऱ्यांची आहे. गुडघे बोलू लागले. पण तेही त्याने हिशेबात धरलेलंच होतं.

जे धरलं नव्हतं ते फोनवर आलं. मनोऱ्यावर तो एकटाच होता. फोनवर मिस रेनकर होती.

“मिस्टर स्टकी, तुमच्या निवेदनामुळे आम्हाला जुन्या फायली तपासाव्या लागल्या. तीन नावं निघाली. ती मी तुम्हाला वाचून दाखवणार आहे.”

“मला कशाला?”

“कारण त्या तिन्ही वेळा आमच्या ऑफिसने तुमच्या शिक्क्यावर केस जिंकली. सोमवारचा शिक्का, मुदत शुक्रवारची. मी स्वतः एक जिंकली होती. मला त्याबद्दल शाबासकी मिळाली होती.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “मी एकटीनेच का ऐकायचं, म्हटलं.”

तिने वाचलं. पहिल्याचा दावा दाताच्या उपचाराचा होता, तो सुटून गेला होता, पत्ता नाही. दुसरा वारला होता. तिसरा लोनी क्रेब्झ. जन्मठेप. त्याच्या खटल्यात सरकारी साक्षीदाराला सवलत कबूल केली होती आणि ते ज्यूरीपासून लपवलं होतं, असं त्याचं म्हणणं. शिक्षा झालेल्या कैद्याला अशा बाबतीत वरच्या कोर्टात जायला आधी परवानगी लागते, आणि ती शंभरात पाच-दहांनाही मिळत नाही. लोनीला मिळाली होती. खालच्या न्यायाधीशाने स्वतः लिहून दिलं होतं की हा मुद्दा वर तपासण्याजोगा आहे. मग टपाल सोमवारी निघालं.

“आता काही करता येईल?” व्हर्लिनने विचारलं.

“नऊ वर्षं झाली. मी वरिष्ठांना लिहून दिलंय. त्यांचं म्हणणं, दारं बंद आहेत.”

“त्याला कळवलंय?”

“माझं काम राज्याची बाजू मांडण्याचं आहे, मिस्टर स्टकी. तुमचं आता काय काम आहे ते मला माहीत नाही.” तिने फोन ठेवला.

पाच महिन्यांनी गेन्सचा निकाल आला. तिघा न्यायाधीशांनी तोंडी युक्तिवाद न ऐकता, कागदांवरूनच, दीड पानात लिहिला होता. त्यांच्या निकालसंग्रहात तो छापलाही जाणार नव्हता. त्यांनी म्हटलं होतं की कॅप्टनने वाईट केलं की चांगलं, यात आम्ही शिरत नाही. झडपेबाहेर हात ठेवलेल्या कैद्यावर झडप आपटणं बेकायदा आहे, असं आधीच्या कोणत्याही निकालात नेमकं सांगितलेलं दिसत नाही. मग कॅप्टनला ते कुठून माहीत असणार? सबब खालचा निकाल कायम.

गेन्स मैदानात फिरत होता, मनोऱ्याखाली. व्हर्लिनला बघून तो थांबला आणि ओरडून म्हणाला, “साहेब, ऐकलंत का? बोटं आधी कोणीतरी दुसऱ्याने गमवायला हवी होती. माझा नंबर चुकला.”

व्हर्लिन कठड्यापाशी आला. त्याने हात वर केला. गेन्सनेही केला, तीन बोटांचा, आणि मग थुंकून पुढे गेला.

आता कोणी काय भरलं ते बघू. डिलर्डचं काही गेलं नाही, उलट तो मेजर झाला. मिस रेनकरने नोकरी सोडली असं ऐकू आलं, पण ती सुटका होती की दंड, हे तिचं तिला माहीत. गेन्सला अपिलाची फी सहाशे पाच डॉलर लागली. शिवणखात्यात त्याला महिन्याला तीस मिळत, त्यातले सहा कापून जाऊ लागले, म्हणजे साडेआठ वर्षांची सोय झाली. व्हर्लिनने गुडघे भरले, पेन्शन मात्र पूर्ण राहिली, एक सेंटही कमी नाही.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळच्या कॅन्टीनमध्ये वाढायला नवा माणूस लागला होता. टक्कल पडलेला, कानामागे पेन्सिल अडकवलेला. छातीवर क्रेब्झ लिहिलं होतं. व्हर्लिनने ताटली पुढे केली. मऊ पावासारखी बिस्किटं घातली गेली, आणि त्यांवर ओतायच्या ग्रेव्हीची पळी वरच थांबली.

“स्टकी ना तुम्ही? टपालवाले?”

“होतो.”

“ऐकलंय मी. गेन्ससाठी उभे राहिलात. इथे कोण करतं असं.” लोनीचा आवाज हळू होता, बाजूचा गार्ड ऐकेल म्हणून. “माझंही एक अपील होतं. जज्जाने परवानगीसुद्धा दिली होती, बरं का. पण मीच माती खाल्ली. शेवटच्या दिवसापर्यंत शब्द खोडत बसलो. कोर्टाने लिहिलं, तीन दिवस उशीर. आता उशीर म्हणजे उशीर, त्यांना तरी काय बोलणार?”

व्हर्लिनच्या मागे रांग होती. कोणीतरी खोकलं.

“तू ते—” तो म्हणाला. “तू ते कुठल्या वारी दिलं होतंस?”

“वार कुठला आठवतोय, साहेब. नऊ वर्षं झाली. तुमच्याच खिडकीत दिलं असणार.” लोनी हसला. “नव्या पोरांना सांगतो मी, माझ्यासारखं करू नका, आळस करू नका म्हणून.”

रांगेतला माणूस म्हणाला, स्टकी, हल पुढे.

ग्रेव्ही एका माणसाला एकच पळी, असा नियम होता. लोनीने इकडेतिकडे बघितलं आणि दोन घातल्या.