सोबत

नर्स मनिषाने रुग्णांच्या पाळ्यांचं जाड रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं, अगदी कीबोर्डला टेकवून. कुमुदने ते न पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा एंटर दाबलं. पडद्यावर मघाच्याच चार ओळी उमटल्या. मॉड्यूल सापडत नाही.

"मॅडम, सोमवारचं मी हातानेच लिहून काढू का?"

"दोन वाजेपर्यंत थांब."

मनिषा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून आतल्या खोलीत गेली. आत सहा यंत्रांची संथ घरघर चालू होती. सकाळच्या पाळीचे रुग्ण सुटायला अजून तासभर होता.

पनवेलच्या या डायलिसिस केंद्राला गेल्या महिन्यात एका ट्रस्टने गाडी देऊ केली होती. रुग्णांना घरून आणायचं, चार तासांनी घरी सोडायचं. अट एकच, एका गावचे रुग्ण एकाच पाळीत हवेत. नाहीतर गाडी दिवसभर जासई आणि उलव्याच्या मध्ये रिकामीच धावली असती. आज दुपारी दोनपर्यंत यादी दिली नाही तर सोमवारपासून ती दुसऱ्या केंद्राकडे जाणार होती. पन्नासेक रुग्ण, कुणाला आठवड्यातून दोनदा यायचं, कुणाला तीनदा. त्यातच दर आठवड्याला काहीतरी बदलणार. मनिषा दोन संध्याकाळी पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसली होती, तरी जुळलं नव्हतं.

कुमुदने ते जुळवलं होतं. खारघरच्या कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली, आणि नंतर घरबसल्या जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकली. नवऱ्याचं डायलिसिस याच केंद्रात अडीच वर्षं चाललं होतं. ते वारल्यावरही तिचं इथलं येणं सुटलं नाही. पाळ्या लावून देणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, तिने तीन आठवडे खपून लिहिली, आणि घरच्या लॅपटॉपवर ती अर्ध्या मिनिटात पूर्ण तक्ता काढून देत होती. पण घरी विंडोज होतं. केंद्रातला संगणक कुणीतरी देऊन टाकलेला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली. इथे तीच स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला अडकत होती.

तिने पुण्याला भाच्याला फोन लावला आणि पडद्यावरची चूक वाचून दाखवली. निनाद प्रोग्रॅम लिहूनच पोट भरत होता.

"मामी, फोल्डरच्या नावात तिरकी रेघ कुठली टाकलीयेस? विंडोजची उलटी असते. ती लिनक्सला नाही समजत."

"तिकडे मग कशी चालते?"

"विंडोज दोन्ही चालवून घेतं. तू असं कर, मला पाठवून दे, दहा मिनिटांत करतो."

"तू केलंस तर पुढच्या वेळी मी कुणाला विचारायचं?"

"मलाच."

"म्हणूनच नको," असं म्हणून तिने हसत फोन ठेवला.

रेघा तीन ठिकाणी उलट्या होत्या. तिने त्या एकेक करून सरळ केल्या आणि एंटर दाबलं. चूक आली, पण या वेळी वेगळी आली. रुग्णांची फाइल सापडली होती, नियमांची सापडली होती. आता वेळांची सापडत नव्हती. कुमुदला बरं वाटलं. प्रयोगशाळेत मुलांचं द्रावण चुकीचा का होईना, पण रंग बदलायचं, तेव्हा तिला असंच वाटायचं.

वेळांच्या फाइलचं नाव तिने इंग्रजी अक्षरांत 'वेळ' असं ठेवलं होतं. फाइल फोल्डरमध्ये होती. समोर दिसत होती. तिने फोल्डरमधलं नाव मोठ्याने वाचलं, "व्ही, ई, एल." मग स्क्रिप्टमधली ओळ वाचली. "व्ही, ई, एल." पुन्हा एकदा वाचलं. मध्ये कुठे रिकामी जागा राहिली असेल म्हणून शोधलं. नव्हती. घड्याळात सव्वा वाजला होता.

टेबलाशेजारच्या खुर्च्यांवर बळीराम आणि त्याची बायको जनी दुपारच्या पाळीसाठी येऊन बसले होते. जासईहून दोन बस बदलून ती दोघं नेहमीच लवकर यायची. बळीराम बराच वेळ मान वळवून पडद्याकडे पाहत होता.

"ताई," तो म्हणाला, "वरचा मोठा हाय न् खालचा बारीक."

"काय बारीक?"

"तुमी वाचताव तो पयला अक्षर. वाचून दोनी सारखेच वाटतान. दिसाला सारखे नाय."

कुमुद पुढे झुकली. फोल्डरमध्ये मोठा व्ही होता, स्क्रिप्टमध्ये लहान. दोन्हींचा आकार तोच, फक्त उंचीत थोडा फरक.

"तुम्हाला इतक्या लांबून कसं दिसलं?"

"अठ्ठावीस वरसां यार्डाचे गेटवर होतो मी. कंटेनरचा नंबर बघून लिवायचा. चार अक्षरां, सात आकडे. एक चुकला का माल जायचा भलतेच बंदराला. माजा नाय गेला कधी."

विंडोजला लहान-मोठं अक्षर एकच वाटत होतं. लिनक्सला ती दोन वेगळी नावं होती. कुमुदने लहान व्ही खोडून मोठा केला. एंटर. पडदा क्षणभर कोरा राहिला आणि मग ओळींमागून ओळी खाली सरकू लागल्या, सोमवारपासून शनिवारपर्यंत.

"मनिषा," तिने हाक मारली. मनिषा हातमोजे न काढताच बाहेर आली, खुर्चीमागे उभी राहून दोन-तीन नावं तपासून म्हणाली, "जुळलंय, मॅडम." मग तिने रजिस्टर उचलून कपाटात ठेवलं.

कुमुद जनीकडे वळली. "सोमवारपासून तुमचे दोन-दोन बसचे हाल संपले. गाडी दारातून नेईल, दारात आणून सोडेल. जासईचे तिघं आणि उलव्याचे तिघं, एकदम सहा. तुम्हाला आता यायला नको."

जनी मांडीवरच्या डब्याची गाठ सोडत होती. तिचे हात थांबले.

"गारीन किती मानसां बसतान?"

"सहा."

"मंग मी कुठं बसू?"

"अहो, म्हणजे तुम्हाला यावंच लागणार नाही."

"समाजला मना." तिने गाठ पुन्हा नीट बांधली. "घरी बसून वाट बघाची, त्यापरीस हितं बसलेला बरा. यांना उठताना चक्कर येते. गोदूबाईची सून पन येते, तो उलव्याचा म्हातारा हाय त्याचा भाऊ येतो." मग तिने सहज विचारलं, "तुमचे साहेबांना तुमी एकटा पाठवायचे का?"

 आतल्या खोलीच्या दाराजवळच्या खुर्चीकडे कुमुदची नजर गेली. तिथून दाराच्या पडद्याच्या फटीतून तिसरं यंत्र दिसायचं, नवऱ्याचं.

"नाही," ती म्हणाली. "मी यायचे."

तिने रुग्णांची फाइल उघडली. नाव, गाव, वार, पाळी. चार रकाने. स्क्रिप्ट आता कुठेही अडत नव्हती, लाल ओळ एकही नव्हती. पाळीच्या पुढे तिने पाचवा रकाना टाकला आणि त्यावर लिहिलं, सोबत.

"सरका इकडे," ती जनीला म्हणाली. "कुणाबरोबर कोण येतं, सांगा मला."

जनी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. तिला सगळी ठाऊक होती. नावं, नाती, कोण कुठल्या वारी येत नाही, कुणाच्या बरोबर कुणीच नसतं. सकाळच्या पाळीची नावं मनिषा आतून ओरडून सांगत राहिली. दोनला दहा मिनिटं असताना कुमुदने सोबतच्या माणसाचीही जागा धरायला लावून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. जासई एका फेरीत, उलवे दुसऱ्या. दिवसाला एक फेरी वाढली.

यादी ट्रस्टच्या ड्रायव्हरकडे, काशिरामकडे द्यायची होती; तिने फोन स्पीकरवर टाकून त्याला ती वाचून दाखवली. फेरी वाढल्याचं सांगताना तिचा आवाज जरा जपूनच होता.

"जासईची तीन, आनि त्यांच्या घरची तीन," काशिरामने खात्री करून घेतली.

"हो. आधी मी सहा पेशंटच धरले होते."

"मी त्येच बोलत व्हतो मनिषाताईंना," काशिराम म्हणाला, "का या बायका बसनार कुठं."

कुमुदने आतल्या दाराकडे पाहिलं. मनिषा यंत्राच्या नळ्या गुंडाळत होती आणि मान खाली घालून हसत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तीन आठवडे खपत बसला होतात, मॅडम. सांगवेना."

बळीरामला आत बोलावलं. जनी त्याच्याबरोबर दारापर्यंत गेली, त्याच्या चपला खुर्चीखाली सारून परत आली. मग तिने डबा सोडला. तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. तिने डबा टेबलावर ठेवून कीबोर्डच्या बाजूने कुमुदकडे सरकवला.

कुमुदने अर्धी भाकरी मोडून घेतली.