आप्पांची पट्टी

फोन आला तेव्हा मी खर्जात होते. म्हणजे अगदी खालच्या सुरांत, जिथं बाईमाणसाचा आवाज नुसता घोगरा होतो. लातूरला मलप्पा गुरुजींच्या शिबिरात रोज सकाळी हेच. ताना नाहीत, बंदिशी नाहीत. माझा सा काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, पण गुरुजी मला त्याच्याखालच्या पंचमावर नेऊन बसवायचे आणि तिथंच ठेवायचे. "गुरुजी, वर कधी जायचं?" असं विचारलं की म्हणायचे, "खाली बसायला जागा झाली का आधी? ढकलू नको. नुसतं बस." मला त्यांचा रागच यायचा. आवाज कमवायला आले होते मी, घुमायला नाही.

धाकटा भाऊ रविकिरण फोनवर एवढंच म्हणाला, "अक्का, आप्पा गेले. ये."

मी तानपुऱ्याचं ॲप बंद केलं, गुरुजींच्या पाया पडले आणि उदगीरची एसटी पकडली. रडू आलं नाही. शेजारच्या बाईनं भाजलेल्या शेंगा दिल्या, त्या मी खाल्ल्या. टरफलं कागदात नीट गुंडाळून ठेवली. आपला बाप गेलाय असं मनाशी म्हणून पाहिलं, तर ते दुसऱ्याच कुणाबद्दल वाटलं.

यात थोडा दोष नांदेडच्या उमाबाईंचा आहे. लातूरच्या आधी मी त्यांच्याकडे शिकले. त्यांचा एक धडा पक्का होता: "गळा दाटला की सूर मेला. दाटायला लागला की पोट सैल सोड, श्वास खाली ने आणि पुढची ओळ घे." मुद्दाम करुण चीजा म्हणायला लावायच्या आणि कुणाचा आवाज ओला झाला की पहिल्यापासून सुरू. पुढं ते अंगातच मुरलं. मैत्रिणीची पाठवणी असो की कुणाचं मरण, गळ्याशी काही आलं की पोट आपोआप सैल व्हायचं आणि सगळं शांत. तेव्हा मला त्याचं कौतुक होतं.

आप्पांना नव्हतं. आप्पांचं मोंढ्याजवळ किराणा दुकान होतं, पण गल्ली त्यांना ओळखायची ती भजनामुळं. पुढं ते, मागं सगळे. मला गाणं शिकायला त्यांनीच पाठवलं. मागच्या दिवाळीत मी घरी गायले तर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लई साफ गातीस गं. पन कोन गायलंय, तेच कळंना. आपल्या घरचं काय राहिलंय का न्हाई त्यात?" आणि हसले. मला ते हसणं झोंबलं. त्यानंतर मी घरी तोंड उघडलं नाही. लातूरला गेले तीच चिडून. चांगली तयार होऊन येते आणि मग ऐकवते, असं ठरवून.

आता ऐकवायचं कुणाला?

घरी पोचले तर आप्पांना बसवलेलं होतं. आमच्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवूनच नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, गळ्यात हार. भजन ऐकायला बसल्यासारखेच दिसत होते. अव्वा, माझी आई, त्यांच्या पायाशी मान खाली घालून बसली होती. मी जवळ गेले तरी तिनं वर पाहिलं नाही. आत्या माझी पाठ चोळत म्हणाली, "रड की गं लेकरा, मोकळी हो." मी खरंच प्रयत्न केला. पोट सैल झालं, श्वास खाली गेला. स्वतःची किळस आली मला.

उचलेपर्यंत भजन थांबवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पण पुढं म्हणणाराच मधोमध बसवलेला. टाळवाले एकमेकांकडं बघू लागले, तेव्हा विधीला आलेले स्वामी म्हणाले, "अंबिका शिकलेली हाय. ती म्हनंल."

पेटीवर सिद्रामप्पा काका होते. गाणाऱ्याची पट्टी विचारून मग पेटीवाला सूर देतो. मी 'काळी चार' म्हणायला तोंड उघडलं, तोवर काकांनी भाता ओढला आणि बोट काळी दोनवर टेकलं. ती आप्पांची पट्टी. आयुष्यभर काकांनी त्यांना दुसरी दिलीच नव्हती.

"काका, पोरीला लई खाली होतंय ते," कुणीतरी म्हणालं.

काकांनी स्वतःच्या बोटाकडं पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं आणि चेहरा पडला. पण बोट उचलेना. सूर तसाच वाजत राहिला.

तो सूर मला ओळखीचा होता. आप्पांचा सा म्हणजे माझा खालचा पंचम. रोज सकाळी गुरुजी मला नेऊन बसवत होते ती जागा. इतके दिवस मी तिथं बसत होते आणि ते कुणाचं घर आहे हे मला माहीत नव्हतं.

"राहू द्या काका," मी म्हणाले.

मी सुरुवात केली. ढकललं नाही, नुसती बसले. आवाज आला तो जाड, खरखरीत, कडेला घासणारा. साफ अजिबात नाही. टाळ आपोआप त्याच्यामागं लागले.

अव्वानं मान वर केली. माझ्याकडं नाही पाहिलं. आप्पांच्या तोंडाकडं पाहिलं.

तेव्हा माझा गळा दाटला. पोट सैल होईना, श्वास खाली जाईना. ओळ मध्येच फाटली आणि मी थांबले. पेटी तेवढी वाजत होती.

अव्वाची नजर अजून आप्पांच्या तोंडावरच होती. घरात त्यांना हाक मारायची, त्याच आवाजात ती म्हणाली, "अवो, थांबलाव कामून? म्हना की."

मला रडू फुटलं. सूर हलत होता, शब्द भिजले होते. उमाबाईंनी पहिल्यापासून सुरू करायला लावलं असतं. मी तशीच रडत पुढची ओळ घेतली.