खाऱ्या पाण्याने धुतलेली गाडी

कमळाकर गाडीखालून पुरता बाहेर यायच्या आतच त्याच्या बरगडीत पहिली लाथ बसली.

"ऊठ! मुहूर्त टलून चालला, आनि हा बग गाडीखाली लोलतोय!"

लाथ थोरल्या भावाची, काळूरामची होती. पंचवीस वर्षं मिठागरात मीठ ओढलेल्या माणसाची लाथ, तिच्यात कसूर कुठून असणार? कमळाकरच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडात माती गेली. पण हातातली चिंधी त्याने सोडली नाही. चिंधीला तेल लागलं होतं. ते इंजिनचं नव्हतं. ते ब्रेकचं तेल होतं आणि मागच्या डाव्या चाकाजवळच्या पाइपमधून पाझरत होतं.

"दादा, गाडी काढू नको," तो बरगडी धरून उठता उठता म्हणाला. "ब्रेकचा पाइप गंजून गेलाय. नखानं खरवडला तर पापुद्रे निघतात. खिंडीच्या उतारावर फुटला तर चारी चाकांचे ब्रेक जातील."

मागच्या सीटवर त्याची बायको पुतळी बसली होती. सातवा महिना, हिरवी साडी, ओटीत नारळ. बाळंतपणासाठी ती माहेरी, अष्टमी गावाला निघाली होती. पेणच्या खाडीकाठचं हे गाव सोडलं की वडखळ, गडब, नागोठणं, मग भिसे खिंड, आणि खिंड उतरून खाली आलं की रोह्याच्या अलीकडे नदीकाठी अष्टमी. पुढच्या सीटवर कमळाकरची आई, काशीबाई, हळदकुंकवाचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. डिकीत नव्या मिठाच्या दोन गोणी होत्या. हंगामातली पहिली रास पडली की सुनेच्या माहेरी मीठ पोचवायचं, हा या घराचा जुना रिवाज. सून त्याच गाडीने चाललीय म्हटल्यावर गोणी मागे कशा राहतील?

आता या गाडीचं सांगतो. जुनी फियाट होती, पेणच्या एका डॉक्टरने वापरून सोडलेली. पण काळूरामने तिचे जे लाड केले ते पोटच्या पोरांचेही केले नसतील. रोज सकाळी तिला न्हाऊ घालायचा. बॉनेटमध्ये तोंड दिसेपर्यंत पुसायचा. आणि धुवायचा कशाने? खाडीच्या पाण्याने! गोडं पाणी बायका लांबून डोक्यावरून आणतात, ते गाडीवर ओतलं तर घरात महाभारत होईल. म्हणून हा गडी बादल्या भरभरून खारं पाणी आणायचा आणि वरून, खालून, चाकांच्या आतपर्यंत मनापासून मारायचा. त्यात डिकीत मिठाची ने-आण. ओलसर गोण्या गळायच्या, पाणी पत्र्यातून खाली उतरायचं. वरून गाडी चकचकीत आणि खालून कुजलेली. काळूराम मिठागरात कितीही हुशार असला तरी गाडीच्या बाबतीत अगदीच अडाणी होता.

कमळाकर मात्र ड्रायव्हर होता. रोह्याच्या एका कंपनीच्या कामगारांची बस चालवायचा. आधी चाकं, तेल, पाणी, ब्रेक बघायचे आणि मगच चावी फिरवायची, ही सवय त्याच्या अंगात मुरली होती. पण घरच्या गाडीखाली तो वर्षभरात आज पहिल्यांदाच शिरला होता, हेही लपवून चालणार नाही. शिफ्ट होती, झोप होती, कंटाळा होता; टाळायचं म्हटलं की माणसाला कारणांचा तोटा नसतो.

"गंजला? कशानं गंजला?" काळूरामने विचारलं.

"कशानं म्हंजे? मिठानं खाल्लाय त्याला."

झालं! एवढं एक वाक्य त्याने गिळलं असतं तर पुढचं कदाचित टळलंही असतं. या घरात मिठाला वाईट बोलायची सोय नाही. चिमूटभर सांडलं तरी नमस्कार करून उचलतात. काशीबाईने गाडीतूनच डोकं बाहेर काढलं.

"कमल्या, जीभ सांभाल! ज्याच्यावर वाढलास त्याला नाव ठेवतोस? आजच्या दिवशी?"

"आये, मी मिठाला नाव नाय ठेवत गो, मी लोखंडाचं सांगतोय..."

काळूरामची थप्पड इतकी जोरात बसली की कमळाकरचा खालचा ओठ दातात सापडून फाटला. हनुवटीवरून रक्त सदऱ्यावर ओघळलं.

"आता बग तुजा ब्रेक!" काळूराम ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि त्याने पायाने ब्रेक दाबला. ब्रेक दगडासारखा कडक लागला. "लागतोय का नाय? सांग, लागतोय का नाय?"

"जोरानं दाब. सगलं वजन टाकून दाब."

"दाबलाय! मला शिकवू नको. बाप मेला तवा तू चड्डीत मुतत व्हतास. मी वाढवलाय तुला."

"व्हय, तूच वाढवलास. म्हनून तर पाया पडतो. एस्टीनं जाऊ, नायतर मी वडखलवरनं दुसरी गाडी आनतो."

"दारात गाडी असून आमच्या घरची सून भरल्या पोटानं एस्टीत धक्के खात जानार? व्याही माज्या तोंडावर थुंकंल!"

इथे कमळाकरच्याही डोक्यात राख गेली. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनवरची एक वायर हिसकून काढली आणि खिशात घातली. आता कर म्हणावं गाडी चालू. काळूराम खाली उतरला आणि दोघं भाऊ अंगणात एकमेकांना भिडले. लहानपणी ते असेच मस्ती करायचे, पण ही मस्ती नव्हती. काळूरामने त्याची मान काखेत दाबली, कमळाकरने त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. दोघे तुळशीपाशी कोसळले. काळूराम त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला आणि नाकावर, कपाळावर, कानावर गुद्दे घालू लागला. मोजायला कुणी नव्हतं. काशीबाई ओरडत होती, पण ती धाकट्यालाच ओरडत होती. खिशात हात घालून काळूरामने वायर काढली, तेव्हा कमळाकरचा एक डोळा मिटला होता आणि कानात शिट्टी वाजत होती.

काळूरामने वायर लावली. इंजिन चालू झालं.

घर टेकाडावर होतं. अंगणातून रस्ता सरळ खाली उतरायचा आणि उघाडीपाशी एकदम उजवीकडे वळायचा. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी अडवायची बांधातली दारं. तिच्या पलीकडे खाडी. त्या सकाळी भरती होती आणि पाणी बांधाच्या काठापर्यंत चढलं होतं. खिंड राहिली पंधरा-वीस मैलांवर. कमळाकरच्या मनात उताराची भीती होती ती खिंडीतल्या. हा दारातला उतार त्याला आठवलाच नाही.

तो धडपडत उठला आणि गाडीच्या पुढे उभा राहिला.

"बाजूला हो!"

"नाय व्हनार. माजी बायको हाय आत. माजं पोर हाय."

"माजी कोन हाय मग? वैरीन?"

काळूरामने पहिला गिअर टाकला आणि गाडी पुढे घेतली. बंपर कमळाकरच्या गुडघ्याला लागला. तो हलला नाही. काळूरामने आणखी पुढे घेतली, आणि कमळाकर बाजूला फेकला गेला. पडला तिथे त्याच्या हाताशी जॅकचा दांडा आला. मघाशी चाक उचलायला त्यानेच तो काढला होता, पण जॅक लावायच्या आतच लाथ बसली होती. लोखंडी, हातभर लांब. गाडी त्याच्या शेजारून पुढे सरकत होती आणि काळूरामचा उजवा हात खिडकीवर टेकलेला होता. कमळाकर उठला, दोन पावलं धावला आणि दोन्ही हातांनी दांडा उचलून त्याने त्या हातावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज पुतळीने ऐकला, काशीबाईने ऐकला, स्वतः कमळाकरनेही ऐकला. मनगटाच्या वर हात नको तिथे वाकला.

काळूराम गुरासारखा ओरडला. आणि दुखण्याच्या भरात त्याचे दोन्ही पाय आपोआप खाली गेले, एक क्लचवर आणि एक ब्रेकवर, सगळं वजन टाकून. मघाशी कमळाकर जे सांगत होता ते नेमकं आता झालं. गाडीखाली फट् झालं, तेलाची पिचकारी मातीत उडाली आणि ब्रेक तळापर्यंत गेला. गाडी उताराला लागली.

"हँडब्रेक वढ!" कमळाकर खिडकीला धरून धावू लागला.

काळूरामने डाव्या हाताने हँडब्रेक ओढला. त्याची तारही त्याच खाऱ्या पाण्यात न्हालेली. ती तुटून हँडब्रेक नुसता हातात आला. आता गाडी दणादण उड्या मारत निघाली. ताटातलं कुंकू काशीबाईच्या तोंडावर उडालं. पुतळी मागच्या दाराशी झटत होती, पण दार आतून उघडेना; मागच्या दोन्ही दारांची आतली हँडलं कधीचीच तुटलेली होती.

"क्लच सोड! दादा, क्लच सोड! गाडी गिअरात हाय, इंजिनच धरंल तिला!"

काळूरामने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत नुसता राग नव्हता, भीती होती, आणि ती भावाची भीती होती. ज्याने आत्ता हात मोडला त्याचं कोण ऐकणार? त्याने पाय आणखी घट्ट दाबले. उघाडी पन्नास पावलांवर आली. दारांच्या पलीकडचं पाणी दिसू लागलं.

कमळाकरने ड्रायव्हरचं दार उघडलं. काळूरामचा जवळचा हात तोच मोडका होता. दुसरा धरायला वेळ नव्हता. त्याने तो मोडका हातच धरला आणि होता नव्हता तेवढा जीव लावून भावाला बाहेर खेचलं.

ती किंकाळी त्याला पुढे कितीतरी वर्षं झोपेतून उठवणार होती. काळूराम गाडीबाहेर पडला, मागचं चाक त्याच्या पायाच्या बोटांवरून गेलं. पण क्लच सुटला होता. गाडीला एवढा मोठा हिसका बसला की काशीबाईचं कपाळ काचेवर आदळलं. इंजिन बोंबलू लागलं आणि गाडीचा वेग मोडला. कमळाकर फरफटत आत घुसला, एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने त्याने चावी बंद केली. गाडी थरथरत, आचके देत, उघाडीच्या दगडाला टेकून थांबली. तिथून पाणी तीन हातांवर होतं.

कमळाकर खाली उतरला तो सरळ आईच्या तावडीत सापडला. काशीबाईच्या कपाळातून रक्त येत होतं आणि तोंडभर कुंकू माखलं होतं. तिने पायातली वहाण काढली आणि जिथे लागेल तिथे त्याला मारायला सुरुवात केली.

"चालत्या गाडीतनं वढलास त्याला! सख्ख्या भावाला मारून टाकत व्हतास!"

कमळाकरने तोंडही झाकलं नाही.

"मारू नको त्याला, आये."

काळूराम रस्त्याच्या कडेला मातीत बसला होता. मोडका हात मांडीवर ठेवलेला, चेहरा राखेसारखा पांढरा. टेकाडापासून उघाडीपर्यंत तेलाची काळी ओळ मातीत उमटली होती आणि तो तिच्याकडेच बघत होता.

"ब्रेक गेलता," तो म्हणाला. "तो सांगत व्हता, क्लच सोड. मीच नाय सोडला."

काशीबाईचा हात खाली आला. ती थोरल्याकडे धावली आणि त्याच्या शेजारी बसून रडू लागली.

खरं सांगायचं तर कमळाकरला त्या क्षणी आनंद झाला. भावाचा हात मोडला होता, आईचं कपाळ फुटलं होतं, त्याचा स्वतःचा डोळा सुजून बंद झाला होता. तरीही आनंद झाला, कारण तो खरा ठरला होता आणि हे दादाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. पुतळीला तर त्याने मरणाच्या दारातून परत आणलं होतं. तो मागच्या दाराशी गेला आणि बाहेरून ते उघडलं. उघडायला काहीच कष्ट पडले नाहीत.

"बगितलंस ना, पुतले? मी कवापासनं सांगत व्हतो."

पुतळी हलली नाही. दोन्ही हात पोटावर ठेवून ती बसून होती. पोटातलं पोर हललं की नाही याकडे तिचं सगळं लक्ष होतं. ते हललं असावं, कारण थोड्या वेळाने तिने श्वास सोडला आणि त्याच्याकडे बघितलं.

"मला आत बसून समदं ऐकू येत व्हतं," ती म्हणाली. "पाइप, मीठ, ब्रेक, एस्टी. तुमी वायर काढलीत. मार खाल्लात. गाडीपुढं उभं राह्यलात. दादांचा हात मोडलात. आतनं हे दार उघडत नाय, तुमाला ठावं हाय. मी काच वाजवत व्हते. दार उघडून 'उतर गो' येवढं म्हनायला काय लागत व्हतं?"

कमळाकरने वर टेकाडाकडे, अंगणाकडे बघितलं. अंगणात तो या दारापासून दोन हातांवर उभा होता. गाडीखालून निघाला तेव्हा होता, थप्पड खाल्ली तेव्हा होता, दांडा उचलला तेव्हासुद्धा होता. माजी बायको हाय आत, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडलाही होता. पण आत बघितलं मात्र त्याने एकदाही नव्हतं.

त्याने तिला उतरवायला हात पुढे केला. हाताला रक्त होतं, तेल होतं. पुतळीने तो धरला नाही. सीटला धरून ती सावकाश आपली आपण उतरली आणि सासूकडे चालू लागली.